आजी-आजोबांचं करणारी नातवंडं आहेत का इथे?

कृष्णाकाठची

बरेच दिवस रोमात (म्हणजे नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी ३१, नोकरी पुण्यात. गेल्या पावसाळ्यात आजी (आईची आई, वय ८४) वाईच्या घरी न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अर्धा सांधा बदलायचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी तिच्याजवळच आहे. आई-बाबा नाशिकला. बाबांचं डायलिसिस सुरू, त्यामुळे आईला हलता येत नाही. मामा-मामी ठाण्याला, दोघंही नोकरीवाले. माझं काम लॅपटॉपवर, घरून चालणारं. म्हणून "तुलाच जमेल गं" असं ठरलं. कोणी ठरवलं ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आजीचं करायचा मला कंटाळा नाही, उलट मजा येते. मांडी घालायची नाही, पाटावर बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "मग पूजा?" देव उचलून जेवणाच्या टेबलावर आणले. आता ती खुर्चीत बसून पूजा करते, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा सकाळचा कॉल चालू असतो. मॅनेजरला घंटेची सवय झालीय.

अडचण वेगळीच आहे. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला हजर राहा असा मेल आलाय. रजेचं विचारलं तर आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांच्यासाठी सोय आहे. आजी एचआरच्या यादीतल्या 'निकटच्या कुटुंबा'त बसत नाही. मेडिक्लेमचंही तेच. मामा म्हणतो, तिला ठाण्याला हलवू. आजी गप्प. मी काही बोलले की, "तू लहान आहेस, यात पडू नकोस." दवाखान्यातही तोच प्रकार. नातं काय विचारतात, नात म्हटलं की माझ्या खांद्यावरून मागे बघतात, "मोठं कोणी नाही का बरोबर?" औषधं, डायपर, व्यायाम, रात्रीचं उठणं सगळं माझ्याकडे आणि निर्णय व्हॉट्सअ‍ॅपवर, ठाण्यातून.

असं कोणी केलंय का? नोकरीचं काय केलंत, पैशांचं काय, आणि मुख्य म्हणजे घरात तुमचं कोणी ऐकायला कसं लागलं?

पाऊलपाऊल

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी कामाचं बोलते.

वॉकरने चालताना आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उठवताना हाताला धरून ओढू नका, म्हाताऱ्या माणसाचा खांदा लगेच दुखावतो. कमोडची उंची कमी असेल तर वर बसवायचा उंच सीट-रेझर मिळतो, तो आणा. घरातली पायपुसणी आणि सतरंज्या आजच गुंडाळून माळ्यावर टाका, आजी रागावल्या तरी. रात्री न्हाणीपर्यंत दिवा हवा.

बाकी घरातलं राजकारण तुमचं तुम्ही बघा, त्यावर माझ्याकडे व्यायाम नाही.

रिकामटेकडा_ठाणेकर

ठाण्याला न्यायला काय हरकत आहे? इथे हॉस्पिटलं जवळ, लिफ्ट आहे, मुलगा-सून घरात आहेत. वाईचं घर, वाईचं घर करत म्हातारी माणसं एकटी पडतात. भावना बाजूला ठेवून विचार करा.

कृष्णाकाठची

ठाणेकर, मुलगा-सून घरात नाहीत, मुलगा-सून ऑफिसात आहेत. सकाळी आठ ते रात्री आठ आजी आणि टीव्ही.

खानदेशी_भरीत

माझा अनुभव आजोबांचा. जळगाव जिल्ह्यात शेती, आजोबा ८९ चे होऊन गेले. शेवटची दोन-अडीच वर्षं त्यांची आंघोळ मीच घातली. वडील घरात होते, धडधाकट होते, पण आजोबा त्यांना जवळ येऊ देत नसत. चाळीस वर्षं शेताच्या बांधावर दोघांची भांडणं. कापूस लावायचा की केळी, विहिरीत आडवं बोअर मारायचं की नाही, बैलजोडी का विकली. एवढं झाल्यावर त्याच मुलापुढे उघडं कसं बसायचं? माझ्याशी त्यांचं काही भांडण शिल्लक नव्हतं.

पण त्यांचे नियम होते. पंचा सोडायचा नाही. पंच्यावरून पाणी ओतायचं, मग ते पाठ करून बसणार, मी डोळे भिंतीकडे करून कोरडा पंचा पुढे धरणार, आणि तो गुंडाळून झाल्यावरच ओला खाली पडणार. घाईत एकदा हे उलटं झालं तर संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. पाठ मात्र खरखरीत दगडाने घासून घ्यायचे, जोर कमी पडला की "दादर खाल्ली नाही का आज?" म्हणायचे. (दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, शहरवाल्यांसाठी.)

वडील दारात उभे राहून बघायचे. पाणी तापवून आणून ठेवायचे. आत यायचे नाहीत.

तेव्हा ताई, तुमचे मामा लांबून हुकूम सोडतात ते फक्त अधिकार गाजवायला असेलच असं नाही. मुलांना आईबाप असे बघवत नाहीत. आपल्याला बघवतात, कारण आपण त्यांना पहिल्यापासून म्हातारंच पाहिलंय.

अबोली_७

खानदेशी भाऊ, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

मीठमोहरी

जी आजी काल शहाणी होती आणि आज अचानक बरळायला लागली, तिला "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, हे सगळ्या नातवंडांसाठी. माझी आजी एका सकाळी मला तिची नणंद समजून भांडायला लागली. बाबा म्हणाले, झालं, आता डोकं चाललं. मी रिक्षात घालून नेलं. रक्त तपासलं तर सोडियम उतरलेलं, शिवाय लघवीला जंतुसंसर्ग. बीपीच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते त्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं, त्यात आमची आजी बीपी म्हणून स्वतःच मीठ बंद करून बसलेली. उपचार झाल्यावर नणंद निघून गेली, नात परत आली.

डॉक्टरांना हे सांगायला घरात रोजचं माणूस लागतं. "कालपर्यंत ठीक होती" हे वाक्य ठाण्यातून नाही सांगता येत.

सप्तपदी_नकोच

मला एक कळत नाही. धाग्यात सगळे आजी किती गोड वगैरे लिहिणार हे ठरलेलंच आहे. पण ३१ वर्षांची नोकरी करणारी मुलगी घरात फुकटची नर्स म्हणून बसवली गेलीय, हे कोणी म्हणणार का? मामांना मुलगा आहे का? तो काय करतो? त्याचं काम घरून चालत नाही का? "तुलाच जमेल गं" हे मुलींनाच जमतं बरं नेहमी.

कृष्णाकाठची

मामेभाऊ आहे, २८ चा. दर महिन्याला येतो, आजीला रंकाळ्याच्या, पुण्याच्या, कुठल्या कुठल्या गोष्टी सांगून हसवतो, रविवारी संध्याकाळी जातो. तो गेल्यावर आजी दोन दिवस त्याचंच कौतुक करते. मला राग येतो आणि तो आला की मलाच सगळ्यात बरं वाटतं, कारण त्या रात्री तो आजीच्या खोलीत झोपतो.

खानदेशी_भरीत

सप्तपदी, मी मुलगा आहे. वर लिहिलंय.

सप्तपदी_नकोच

तुम्ही एक. तुमच्या गावात अजून किती आहेत ते मोजून सांगा.

गव्हाची_कुरडई

थोडं कडू लिहिणार आहे, हलके घेऊ नका.

आमच्या घरात भाऊ दुधावरची साय होता आणि मी ताक. आजीने त्याच्यासाठी डब्यात लाडू लपवून ठेवायचे आणि मी मागितला तर "मुलीच्या जातीला एवढी जीभ बरी नाही" म्हणायचं. मी दहावीला पहिली आले तेव्हा भावाला ताप होता म्हणून पेढे आणले नाहीत. असो.

शेवटच्या दीड वर्षात तिचं मीच केलं. माया होती म्हणून नाही. आई थकली होती आणि आईचं बघवत नव्हतं म्हणून. आजीची पायाची नखं फार जाड झाली होती, पिवळी, आत वळलेली. कोमट पाण्यात अर्धा तास पाय बुडवून ठेवायचे, मग एकेक नख कडेने थोडं थोडं. साध्या नेलकटरने होत नाही, मोठा दणकट कटर लागतो. मधुमेह होता म्हणून जखम होऊ द्यायची नाही. पाय माझ्या मांडीवर ठेवून घेई आणि मी खाली मान घालून काम करत असताना माझ्या केसांतल्या गुंत्यावर टीका करी. कधी चांगलं काही बोलली नाही. मीही अपेक्षा ठेवली नाही.

लोक म्हणतात सेवा केल्याने मन स्वच्छ होतं. माझं काही झालं नाही. पण तिचे पाय स्वच्छ होते, हे मला ठाऊक आहे.

अबोली_७

__/\__

न्यूजर्सीचा_बाळ्या

मी सल्ले देणाऱ्या नातवंडांपैकी, आधीच कबूल करतो. आजी सांगलीला, मी इथे. रोज सकाळी माझ्या ऑफिसच्या वाटेवर व्हिडिओ कॉल, म्हणजे तिची संध्याकाळ. ती फोन कानाला लावते, त्यामुळे मला रोज अर्धा तास आजीचा कान दिसतो. कुडीचा मोती हलला की ती हसतेय असं समजायचं.

प्रत्यक्ष करणारी माझी चुलतबहीण. तिच्याशी आधी मी फार चुकीचं, म्हणजे सल्ल्यांच्या भाषेत बोलायचो. एक दिवस ती म्हणाली, "दादा, बी-१२ वर लिंक पाठवू नकोस, बाईचे पैसे पाठव." तेव्हापासून रात्रीच्या बाईचा पगार माझ्याकडे. आणि बहिणीच्या हातखर्चाचे वेगळे, तिच्या स्वतःच्या खात्यात, आजीच्या हिशेबात न मिसळता. मामांना हे सुचवून बघा. लांबच्यांना पैसे देणं सोपं असतं, फक्त कोणीतरी आकडा सांगावा लागतो. मोघम "मदत करा" म्हटलं की आम्ही लिंकच पाठवतो.

प्रांतकचेरी

महसूल खात्यात आहे, म्हणून कायद्याचं थोडं.

पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७. यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नातसुद्धा, फक्त ती सज्ञान हवीत. म्हणजे आजी-आजोबा नातवंडांकडूनही निर्वाहखर्च मागू शकतात. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा, निर्वाहाची कमाल मर्यादा मूळ कायद्यात महिना १०,००० रुपये आहे, आणि निकाल ९० दिवसांत द्यावा अशी तरतूद आहे.

गंमत बघा, कायद्याला नात 'निकटची' वाटते, कंपनीच्या रजेच्या यादीला वाटत नाही.

आमच्याकडे जास्त भांडणं येतात ती कलम २३ ची. आजोबा घर नातवाच्या नावावर बक्षीसपत्राने करतात, नातू नंतर विचारत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलं असेल आणि अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून मिळू शकतं, म्हणून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. "घरचाच आहे, लिहायचं कशाला" म्हणणारे आजोबा मी फार पाहिलेत.

ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. आणि ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयांतच. कृष्णाकाठची, कंपनीच्या मेडिक्लेमवर रडत बसण्यापेक्षा हे आधी काढा. आधार कार्डावर होतं.

रिकामटेकडा_ठाणेकर

म्हणजे आता नातवंडांवर केस करायची? काय दिवस आलेत.

प्रांतकचेरी

दिवस २००७ सालीच आलेत, साहेब.

आबा_१९४८

सर्व तरुण मंडळींना नमस्कार. मी दुसऱ्या बाजूचा. वय तुम्ही नावावरून काढा. टायपिंग नातवाने शिकवले, चुका माझ्या.

एक, तुमच्या हातावर आजी पन्नास-शंभर रुपये ठेवते तेव्हा "अगं मला कशाला, मी कमावते" म्हणू नका. माझा नातू माझ्या पेन्शनच्या कैक पट मिळवतो. तरी तो निघताना मी त्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबतो आणि तो "आबा, पार्टी!" म्हणतो. हे नाटक दोघांनाही ठाऊक आहे. चालू द्यावे.

दोन, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मला बँकेत नेऊ नका, मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण निघते. केंद्राचे पेन्शनर ८० च्या वर असतील तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. पण माझा नातू मला तरीही बँकेत नेतो, कारण बँकेशेजारी मिसळ मिळते. हे त्याच्या आईस माहीत नाही.

तीन, हे जरा रागाने लिहितो. कृष्णाकाठची बाई, तुमच्या धाग्यात ऑफिसचे मत आले, मामांचे आले, तुमचे आले, ठाणेकरांचे आले, कायद्याचेही आले. "आजी गप्प" एवढे दोन शब्द सोडले तर आजी कोठे आहेत? त्या गप्प आहेत म्हणजे त्यांना मत नाही असे कोणी सांगितले? आमच्या पिढीच्या बाईस कोणी विचारल्याशिवाय ती घराच्या गोष्टीत बोलत नाही, आणि विचारायचे ते सुद्धा सवड काढून, गोळी देता देता नव्हे. मामांना फोनवर घ्या, स्पीकर लावा, आणि त्यांच्यासमोर विचारा.

मीठमोहरी

आबा +१. आणि मिसळ जपून, सोडियम वर गेलं तरी पंचाईत.

पाऊलपाऊल

आबांना अनुमोदन. पेशंटला सोडून नातेवाइकांशी बोलणं ही आम्हा लोकांचीही खोड आहे.

बटाटेभात

अवांतर: आजीच्या हातचं मेतकूट हुबेहूब तसं कोणाला जमलंय का? माझी आजी प्रमाण विचारलं की "डोळ्याने" म्हणते.

गव्हाची_कुरडई

डाळी भाजताना शेजारी उभं राहा आणि ती मुठीने टाकेल ते दर वेळी वाटीत धरून वजन करा. विचारू नका. विचारलं की हात थांबतो.

कृष्णाकाठची

उशिरा लिहितेय, आठवडाभर धावपळ होती.

आबा, विचारलं. रविवारी दुपारी चहा झाल्यावर, मामाला फोनवर घेऊन. मामाने सुरुवातीला ठाण्याच्या हॉस्पिटलांची यादी वाचली. आजीने ऐकून घेतली. मग म्हणाली, "झालं तुझं? आता माझं ऐक."

ठाण्याला जायचं नाही. इथे दारात बसलं तर गणपतीच्या देवळात जाणाऱ्या चार बायका हाक मारतात, सातव्या मजल्यावर कोण मारणार? मी कायम राहायचं नाही. ("हिला इथे बसवून ठेवलीत, हिच्या नोकरीचं काय, कोणाला पडलंय?" हे मामाला. मी गार.) मी पुण्याला जायचं, शुक्रवारी रात्री यायचं, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. मामेभावाने महिन्यातून एकदा नाही, दोनदा यायचं, आणि येऊन गोष्टी सांगायच्या नाहीत, बाईला सुट्टी द्यायची. दिवसरात्रीच्या बाईचा पगार तिच्या फॅमिली पेन्शनमधून. मामा म्हणाला, आई, तुझ्या पैशांना हात लावायचा नाही असं आमचं ठरलंय. तर म्हणे, "तुमचं ठरलं असेल. माझे पैसे काय मी वर घेऊन जाऊ?"

सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोवाल्या मुलीशी तिने आधीच बोलून ठेवलं होतं, समोरच्या काकूंच्या फोनवरून. मला पत्ता नाही.

मामाने कमोडचा सीट-रेझर आणि दुसरा वॉकर पाठवतो म्हटलंय. बाळ्या, आकडाही सांगितला त्याला, तुम्ही म्हणालात तसा. फिजिओचे पैसे तो देणार. दवाखान्यात "मोठं कोणी नाही का" विचारलं की काय म्हणायचं तेवढं अजून सापडलेलं नाही.

सप्तपदी_नकोच

"मीच मोठी आहे" म्हणायचं. आणि आजींना माझा दंडवत. मामेभावाचं वेळापत्रक छापून फ्रीजवर लावा.

खानदेशी_भरीत

ब्युरोची बाई कशी आहे?

कृष्णाकाठची

बाई चांगली आहे, मेढ्याकडची. अडचण आजीची आहे. ती तिला पाहुणी समजते. बाई आली की वॉकर घेऊन तिच्यासाठी चहा करायला उठते, ती "आजी, बसा" म्हणते, ही म्हणते "तू बस, लांबून आलीस". सकाळचा अर्धा तास यातच जातो. मी पुण्यातून फोनवर ऐकते.

पाऊलपाऊल

करू दे चहा. ओट्याला धरून उभं राहणं हाही व्यायामच आहे. फक्त वॉकर बाजूला ठेवून चालायचं नाही, आणि कप बाईने उचलायचा.

बटाटेभात

सीट-रेझर घेताना आधी कमोडचा आकार बघा, गोल आणि लांबट वेगळे येतात. आमचा परत करावा लागला.